सभा गाजवता न येणाऱ्यांनी राजकारण सोडायचे का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निवडणुका आल्या की आपल्या दैनिकात अमक्याने ‘सभा गाजवली’, तमक्याची ‘तोफ धडाडली’ असे मथळे येतात. ज्याची तोफ धडाडत नाही, जो कागदात बघून चार वाक्ये वाचतो आणि खाली बसतो, त्याच्या वाट्याला बातमीच्या शेवटी ‘यांनीही मनोगत व्यक्त केले’ एवढीच ओळ येते. माझी सगळी नोकरी ग्रामपंचायतींत गेली. सभांचे इतिवृत्त, म्हणजे प्रोसिडिंग बुक, लिहिता लिहिता सरपंच, पंचायत समितीचे सदस्य, आमदार जवळून पाहायला मिळाले. त्यावरून सांगतो, सचोटीने काम करणारी पण माईकसमोर उभे राहिले की घशाला कोरड पडणारी माणसे राजकारणात बरीच आहेत. आणि मतदार, पक्ष, वर्तमानपत्रे असे आपण सगळे मिळून त्यांना एकेक करून घरी बसवत आहोत.

सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण डॉ. मनमोहन सिंग यांचे. हलका, एकसुरी आवाज. सुरुवातीचे शिक्षण उर्दूतून झालेले, त्यामुळे हिंदी भाषणही ते उर्दू लिपीत लिहिलेल्या कागदावरून वाचत. २००४ ते २०१३ अशी दहा वर्षे ते लाल किल्ल्यावरून बोलले. त्यातले एखादे वाक्य पाठ असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पण माहितीचा अधिकार आणि रोजगार हमीचा केंद्रीय कायदा, हे दोन्ही त्यांच्याच सरकारने २००५ मध्ये केले. ग्रामपंचायतीत अशा अर्जांना उत्तर देणारा जन माहिती अधिकारी म्हणजे तेव्हा ग्रामसेवकच, त्यामुळे पहिल्या कायद्याचे अर्ज माझ्याच टेबलावर येत. ज्या माणसाला पूर्वी कार्यालयाच्या पायरीवर ताटकळत ठेवले जाई, तो दहा रुपयांचा अर्ज करून घरकुलाची यादी मागू लागला, तिच्यात कुणाची नावे कशी घुसली ते विचारू लागला. त्याच्या हातात हे बळ कोणत्याही गाजलेल्या भाषणाने दिलेले नव्हते.

याच मनमोहन सिंगांनी ऑगस्ट २००५ मध्ये राज्यसभेत १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल शीख समाजाची आणि साऱ्या देशाची माफी मागितली. १९८४ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्या घटनांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. तरी शरमेने मान खाली घालतो, असे ते म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नव्हता. भावनेला हात घालण्याची कला अवगत असलेल्या किती वक्त्यांनी आपल्या पक्षाच्या राजवटीतल्या पापाबद्दल इतके सरळ शब्द वापरले आहेत?

आमच्या भागातही ते आले होते. २००६ च्या जूनअखेर शेतकरी आत्महत्यांच्या गावांत जाऊन त्यांनी लोकांचे म्हणणे ऐकून घेतले आणि वर्ध्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्या पॅकेजने आत्महत्या थांबल्या नाहीत आणि अंमलबजावणीवर रास्त टीका झाली, हेही मी विसरलेलो नाही. पण तेव्हा पानाच्या टपरीवर पॅकेजच्या तरतुदींपेक्षा एकच चर्चा जास्त रंगली, “पंतप्रधान असा मिळमिळीत कसा बोलते?” घरातला कर्ता माणूस गेलेल्या बाईपुढे माणसाने कोणत्या सुरात बोलायला हवे होते, असे मला आजही त्या मंडळींना विचारावेसे वाटते.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. दुसऱ्या कारकिर्दीत टू-जी मोबाइल परवान्यांच्या आणि कोळसा खाणींच्या वाटपात गैरव्यवहाराचे आरोप झाले, तेव्हा देशाला पंतप्रधानांकडून वेळेवर आणि पुरेसे ऐकायला मिळाले नाही. वैयक्तिक प्रामाणिकपणाबद्दल विरोधकही सहसा शंका घेत नसत, पण सरकारची बाजू रोज दुसरेच मांडत राहिले आणि त्याची किंमत त्यांना व देशालाही मोजावी लागली. ही त्यांची चूक होती. लोकशाहीत लोकांपुढे जाब द्यावाच लागतो. तो अडखळत द्या, कागद बघून द्या, लिहून द्या, पण द्या. माझे म्हणणे इतकेच की जाब देणे आणि सभा जिंकणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात कमी पडणाऱ्याला जरूर धरावे. दुसरे जमत नाही म्हणून कुणाला नालायक ठरवू नये.

आणि बोलू पाहणाऱ्याला आपण बोलू तरी कुठे देतो? २२ जुलै २००८ रोजी अमेरिकेशी करायच्या अणुकरारावरून लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मतदानाला आला. चर्चेला उत्तर द्यायला पंतप्रधान उभे राहिले, तर गोंधळामुळे त्यांना बोलताच आले नाही. शेवटी लिहून आणलेले उत्तर त्यांनी सभागृहाच्या पटलावर ठेवले. ठराव जिंकला, उत्तर किती जणांनी वाचले असेल देव जाणे. चढ्या आवाजाच्या माणसाने तो गोंधळही गळ्याने कापला असता.

हे झाले दिल्लीचे. गावात हा प्रकार जास्त बोचतो. आमच्या जिल्ह्यातल्या एका गावात महिला आरक्षणातून शेतकरी घरातली एक बाई सरपंच झाली. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर तिच्यापुढे माईक आला की हातातला कागद थरथरायचा. ‘जमलेल्या सर्व ग्रामस्थांनो’ एवढे कसेबसे होई, मग शब्द सापडत नसत आणि पुढे बसलेली पोरे हसत. लगेच उपसरपंच उठत आणि अर्धा तास देशभक्तीवर बोलत. टाळ्या त्यांनाच पडत.

तीच बाई सिमेंट रस्त्याचे काम निघाले तेव्हा सकाळी सातला कामावर हजर असायची. अंदाजपत्रक तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतले होते. खाली मुरूम किती, त्यावर खडी किती, वर काँक्रीट किती, सगळे तोंडपाठ. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, “ताई, तुम्ही कायले उन्हात उभ्या राह्यता?” तिने काही न बोलता मजुराच्या हातातली सब्बल घेतली, कडेला खड्डा केला, आत वीत लावून मुरूम मोजला आणि म्हणाली, “भाऊ, हे सहा इंच नाही भरत. परत टाका.” एवढेच. मुरूम परत टाकावा लागला. मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याने नोंद करून सही करेपर्यंत तिने बिलाच्या चेकवर सही केली नाही. वरून फोन आले, तरीही नाही.

पुढच्या निवडणुकीला ती वॉर्डातून उभी राहिली आणि पडली. तिच्या विरोधात पैसे खाल्ल्याचा किंवा काम न केल्याचा शब्द कुणी काढला नाही. प्रचारात एकच मुद्दा होता, “बाई बोलतच नाही, तालुक्याला गावाची बाजू मांडन कोन?” तिच्या काळातला रस्ता बरेच पावसाळे धड राहिला. नंतर शेजारच्या गल्लीत झालेल्या रस्त्याची खडी दुसऱ्याच पावसाळ्यात वर आली. त्याच्या भूमिपूजनाचे भाषण मात्र झकास झाले होते.

पंचायत राज संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव होऊन आता दशक उलटून गेले. निवडून येणाऱ्या कितीतरी बायांनी आयुष्यात माईक हातात धरलेला नसतो. भाषण हेच पुढारीपणाचे माप ठरवले की त्या आपोआप मागे पडतात आणि ‘तिला बोलता येत नाही’ म्हणून पतिराज खुर्चीत येऊन बसतात. पतिराजांनी खुर्ची बळकावण्याचे हेच सर्वांत सोयीचे कारण मी कागदोपत्री आणि प्रत्यक्षात पाहत आलो आहे.

आपल्याकडे वक्तृत्वाचा फार मोठा मान आहे आणि तो असावाही. शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा होतात, सूत्रसंचालक ज्याला त्याला ‘वक्ता दशसहस्रेषु’ म्हणून मोकळा होतो. पण त्या सुभाषितात पुढे ‘दाता भवति वा न वा’ असेही आहे. वक्ता दहा हजारांत एक तरी सापडतो; देणारा सापडेल की नाही याची खात्री नाही. ही अर्धी ओळ व्यासपीठावर कुणी म्हणत नाही.

सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात आहे, म्हणून गांधीजींची आठवण करून द्यावीशी वाटते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला हा तरुण मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाईच्या खटल्यात उलटतपासणीला उभा राहिला आणि त्याला एक प्रश्न सुचेना. तो खाली बसला, दुसरा वकील करा आणि दिलेले ३० रुपये परत घ्या असे सांगून निघून गेला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या भिडस्तपणाने आपल्याला मोजके बोलायला शिकवले, असेही त्यांनी म्हटले आहे. पुढे लाखोंच्या सभांतही ते गप्पा मारल्यासारखेच बोलत राहिले. ब्रिटनमध्ये १९४५ साली चर्चिलसारख्या वक्त्याला हरवून अ‍ॅटली पंतप्रधान झाले. तेही अबोल गृहस्थ. त्यांच्याच सरकारने भारत सोडला आणि १९४८ मध्ये तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली. तिथल्या मतदारांनी भाषणापलीकडचे पाहिले होते.

आता आपल्या दैनिकाकडून काय हवे ते सांगतो. सभेची बातमी जरूर द्या, पण त्याच पानावर चौकटीत त्या आमदाराने गेल्या अधिवेशनात कोणते तारांकित (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) प्रश्न विचारले, कोणत्या लक्षवेधी सूचना मांडल्या, आमदार निधी कुठे खर्च केला हेही छापा. सरकारी खर्च तपासणाऱ्या विधिमंडळाच्या अंदाज समिती, लोकलेखा समिती यांचे काम कॅमेऱ्यासमोर होत नाही. तिथे ढीगभर कागद वाचून सचिवांना अडचणीत आणणारा आमदार सभागृहात कदाचित चार मिनिटेही बोलत नसेल. समितीचा अहवाल सभागृहात मांडला जातो आणि तिथेच राहतो. तो तुमच्या वार्ताहराने वाचावा आणि त्यात कुणाचे कष्ट आहेत ते आम्हाला सांगावे.

दुसरे, निवडणुकीच्या आधी एका मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांना सारखेच पाच-सहा लेखी प्रश्न पाठवा आणि उत्तरे काटछाट न करता शेजारी शेजारी छापा. जो उत्तर देणार नाही त्याची जागा कोरी सोडा. अडखळणाऱ्या माणसाला कागदावर आपले म्हणणे मांडता येते आणि टाळ्या घेणाऱ्याला कागदावर आकडे द्यावे लागतात.

प्रश्न पाठवायला आम्ही वाचक तयार आहोत. सुरुवातीला माझा घ्या: गेल्या पाच वर्षांत तुमच्या भागातल्या कोणत्या निकृष्ट कामाचे बिल तुम्ही अडवले, आणि ते पुढे किती दिवस अडून राहिले?

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ग्रामविकास अधिकारी, जि. वर्धा