तान्ह्या पोळ्याचा बैल

नागपूर, रविवार रात्र

बेटा,

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, लग्नात तुमच्याकडचं कोण येणार?" आणि मी मुद्दाम हॉलच्या भाड्यावर गेलो. आज नंदनवनात आम्ही अनाथाश्रमातले अकराजण जमलो होतो, म्हणून लिहितो.

त्यातल्या निम्म्यांची जन्मतारीख 1 जून. शाळेत नाव घालताना कुणीतरी टाकलेली. तर्री-पोहे खात जो तो आठवणी सांगत होता, पण एकाची दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. डाळ पातळ असायची, यावर तेवढं एकमत झालं.

मग बैलाचा विषय निघाला. आश्रमात लाकडी बैल एक, पोट्टे तीस. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, आळीपाळीनं दोरी धरायची आणि मिळालेला बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, सगळ्यांत वाटायचा. एका वर्षी बैलच गायब झाला. "यानंच विकला," म्हणून आजही सगळे आमच्यातल्या बारक्याकडे बोट दाखवतात. तो आता एसटीत ड्रायव्हर आहे, पोट सुटलंय. "मी नाही बे घेतला," म्हणत तोही हसला. त्या रात्री त्याला जेवायला दिलं नव्हतं, हे कुणी काढलं नाही.

बैल मी नेला होता.

सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला इतवारीत गेलो, तेव्हा शर्टात लपवून. एक दिवस तो फक्त माझा असावा, एवढंच. गर्दीत एका बाईनं विचारलं, "तुहा हाय का रे?" मी म्हटलं, "हो, बाबानं घेऊन देल्ला." तेवढ्यात "घेऊन जा गे मारबत" करत लोंढा आला आणि हातात नुसती दोरी उरली.

पुढे सांगायचं राहूनच गेलं. 1986 च्या बाल न्याय कायद्यात मुलगा 16 चा झाला की मोठा, म्हणजे आश्रमाबाहेर; मुलगी 18 ची. (सोळाव्या वर्षी तुला मी एकटीला सीताबर्डीलासुद्धा जाऊ देत नव्हतो.) 2000 च्या कायद्यानं मुलांनाही 18 केलं, पण तोवर आम्ही पत्र्याची पेटी उचलून एकेक करत बाहेर पडलो होतो.

आजही तोंडाशी आलं होतं. नेमका बारक्या माझ्या प्लेटमध्ये जिलबी वाढत होता.

पत्रिका आल्या की पहिली त्याच्याकडे नेऊ. तू सोबत चल. काका म्हणून मांडवात उभं राहायला त्यालाच सांगणार आहे. बैलाचं त्याच्या आधी सांगावं की नंतर, ते मात्र ठरत नाहीये.

तुझा,
बाबा