अठरा पूर्ण झाली की शाळा का संपावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीला बौद्धिक अक्षमता आहे. पुण्यातल्या एका विशेष शाळेत ती शिकते. लवकरच तिला अठरा पूर्ण होतील आणि त्यानंतर दाखला घेऊन जा, असं शाळेने आताच सांगून ठेवलं आहे. शाळेवर माझा राग नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 मध्येच 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 या वयापुरता दिला आहे. माझा प्रश्न महाराष्ट्र सरकारला आहे. केंद्राने अठरावर रेघ मारली म्हणून राज्यानेही तिथेच थांबायचं का?

आमच्या मुलांचं शिकणं उशिरा सुरू होतं आणि सावकाश चालतं. माझ्या मुलीला दहाची आणि वीसची नोट वेगळी ओळखता यायला सोळावं वर्ष उजाडलं. आता कुठे ती सिंहगड रस्त्यावरच्या भाजीवाल्याकडून एकटी कोथिंबीर घेते, सुटे पैसे मोजून परत आणते. पीएमपीच्या बसमध्ये आपला थांबा आला की तीच आधी उठते. हे सगळं गेल्या दोन वर्षांतलं आहे, आणि नेमकं आताच तिने घरी बसायचं! तिच्या शाळेतली एक मोठी मुलगी अशीच अठरानंतर घरी राहिली. शाळेत स्वतःची वेणी घालणारी ती मुलगी आता दिवसभर टीव्हीसमोर असते, आणि वेणी आई घालते. त्या आईला दोष कोण देणार? ती दोन घरी स्वयंपाकाला जाते.

माझी मावसबहीण अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते. तिच्या मुलाचीही अडचण हीच. तो 23 वर्षांचा आहे आणि अजून रोज शाळेच्या बसने जातो. तिथे त्याला कपडे धुणं, यादी वाचून सामान आणणं, वेळेवर कामाला पोचणं शिकवतात. तिथला केंद्रीय कायदा साधारण 21 वर्षांपर्यंतच्या विशेष शिक्षणाची हमी देतो. मिशिगनने ती पुढे नेली. 1 सप्टेंबरला वय 26 पेक्षा कमी आहे आणि हायस्कूलचा नियमित डिप्लोमा मिळालेला नाही, अशा दिव्यांग विद्यार्थ्याला तिथे शिकण्याचा हक्क आहे. शेजारच्या ओहायोत मात्र हाच हक्क 22व्या वर्षी संपतो. म्हणजे केंद्राचा कायदा किमान मर्यादा ठरवतो, त्यापुढे किती जायचं हे राज्याच्या हातात. मिशिगनचा कायदा 1971 चा, केंद्राचा 1975 चा. राज्य आधी चाललं, दिल्लीसारखं तिथलं वॉशिंग्टन मागून आलं.

खर्चाचं म्हणाल तर तिथेही केंद्राने हात सैल सोडलेला नाही. विशेष शिक्षणाच्या जादा खर्चाचा 40 टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याचं 1975 मध्ये ठरलं होतं, तो आजवर कधीच पूर्ण मिळाला नाही. राज्य आणि स्थानिक कर यांतून बराचसा खर्च भागतो. तरीही मिशिगनने वय खाली आणलं नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती महाराष्ट्राने 1996 मध्ये दिल्या. तेव्हाच्या, 1995 च्या केंद्रीय कायद्यात ही अक्षमता मोजलीच नव्हती; तिला 2016 ची वाट पाहावी लागली. रोजगार हमीचा कायदा आपण 1977 मध्ये केला, केंद्राने 2005 मध्ये. शिक्षण हा विषय 42व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्याला जास्तीचं देण्यापासून कोणी अडवलेलं नाही.

अठरानंतरच्या मुलांसाठी काम शिकवणाऱ्या कार्यशाळा आहेत, हे मला ठाऊक आहे. काही संस्था फार जीव ओतून त्या चालवतात. पण तिथे जागा मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर दाद कुठे मागायची? हक्क असेल तर आईला कोणाच्या पाया पडावं लागत नाही. आणि वय वाढवताना शिक्षकही हवेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्राने 2022 मध्ये प्राथमिकला 10 आणि पुढच्या वर्गांना 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं ठरवलं आहे. नुसतं वय वाढवून वर्ग रिकामे ठेवले तर आमच्या मुलांच्या पदरात काही पडणार नाही.

महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. त्याचं आयुक्तालय पुण्यातच आहे, शिक्षण आयुक्तालयही पुण्यातच. या दोघांनी एकत्र बसून बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी शिक्षणाची वयोमर्यादा 25 पर्यंत नेणारा मसुदा तयार करावा, आणि पुण्याच्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात तो लावून धरावा. त्यात काय शिकवायला हवं, हे सांगायला आमच्या शाळेतले पालक कधीही यायला तयार आहेत.

— एक आई, वडगाव बुद्रुक, पुणे