वीज गेल्यावर माशांच्या टाकीतील फिल्टरचे काय?

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात वादळवाऱ्यात घ्यायच्या काळजीविषयी सूचना येतात. घरी शोभेचे मासे पाळणाऱ्यांसाठी त्यांत एका गोष्टीची भर पडावी, म्हणून हे पत्र.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. तेवढे संकट दरवर्षी येत नाही; पण तारेवर माडाची झावळी पडून दहा-बारा तास वीज जाणे आम्हां किनाऱ्यावरच्यांना नवे नाही. अशा वेळी जो तो माशांना हवा कशी मिळेल एवढेच पाहतो, फिल्टरमधल्या जिवाणूंकडे कोणाचे लक्ष नसते. माझेही नव्हते. गेल्या जुलैत चौदा तासांनी वीज आली, बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर आपसूक सुरू झाला आणि नळीतून कुजक्या अंड्यासारख्या वासाचे काळसर पाणी टाकीत पडले. तिसऱ्या दिवसापर्यंत माझे पाच एंजल मासे गेले.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात विषारी अमोनिया साठतो. फिल्टरच्या स्पंजाला व सिरॅमिकच्या कड्यांना चिकटून राहणारे नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा यांसारखे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. या कामाला प्राणवायू लागतो, आणि प्रवाह थांबलेल्या बंद डब्यात तो काही तासांतच संपतो. २८ अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर लिटरभर हवेत तो अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक असतो. त्यामुळे साचलेल्या पाण्यात बुडालेल्या स्पंजापेक्षा ओलसर ठेवून हवेवर पसरलेल्या स्पंजातले जिवाणू जास्त तग धरतात.

तेव्हा वीज लवकर येण्याचे चिन्ह नसेल, तर तासा-दोन तासांत डबा उघडून स्पंज व कड्या परातीत पसराव्यात, टाकीच्याच पाण्यात भिजवलेले फडके वर घालावे आणि ते सुकू देऊ नये. माशांना तेवढा वेळ खाद्य घालू नये. एक दिवसाच्या उपासाने मासा मरत नाही. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर घरात असेल, तर ही यातायात बरीचशी वाचते. वीज आल्यावर डब्यातले शिळे पाणी आधी ओतून द्यावे व स्पंज टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खळबळून मगच बसवावा.

स्पंज विहिरीच्या पाण्यानेही धुऊ नये. एरवी ते चालते. पण पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, आणि तिच्यातला क्लोरीन रोगजंतू व आपले हे जिवाणू असा भेद करत नाही. बादलीत उरलेले गढूळ पाणी मात्र परसातल्या अळूला जरूर घालावे.

आपला,
एक वाचक, गुहागर