कोष्टकात न मावलेला झटका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत रोलर कोस्टरवर पानभर मजकूर होता. सगळ्यात उंच कोणतं, सगळ्यात वेगवान कोणतं, असं रंगीत कोष्टक आणि त्याखाली चौकटीत ज्येष्ठांना सल्ला: पन्नाशी ओलांडलेल्यांनी खालीच थांबावं, पिशव्या सांभाळाव्यात, मुलांचे फोटो काढावेत. आमच्या हिने ती चौकट मोठ्याने वाचून दाखवली, पेपरची घडी घालून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "अहो, लिहा यांना."

म्हणून लिहितो. माझं वय त्रेसष्ट, हिचं एकोणसाठ. चौतीस वर्षं मी लिफ्ट बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात काढली, ही बँकेत कॅशियर होती. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी भाड्याची गाडी घेऊन अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या दोन राज्यांत नऊ दिवसांत चार पार्क केले. दुसरं काही पाहिलं नाही, फक्त कोस्टर. हिच्या वहीत सगळी नोंद आहे: तारीख, पार्क, कोस्टरचं नाव, कितव्या रांगेत बसलो आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. बेरीज सव्वीस कोस्टर. (की सत्तावीस, यावर घरात वाद आहे, तो शेवटी सांगतो.) पिशवी आम्ही लॉकरमध्ये ठेवत होतो.

आधी कोष्टकाबद्दल. उंची आणि वेग एवढ्यावरून कोस्टर कसं आहे ते कळत नाही. मला हे कोस्टरवर नव्हे, दोन पार्कांमधल्या रस्त्यावर उमगलं. सीडर पॉइंट पार्क जिथे आहे त्या ओहायोतल्या सँडस्कीहून मेसनला जाताना तीन-साडेतीन तास हमरस्ता. काटा ताशी ११० किलोमीटरवर. शेजारी ही काचेला डोकं टेकून गाढ झोपलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसनच्या किंग्ज आयलंड पार्कात 'द बीस्ट' या कोस्टरवर बसलो. त्याचा जास्तीत जास्त वेग ताशी १०४ किलोमीटर, म्हणजे आमच्या गाडीपेक्षा कमीच. तिथे हिने माझ्या मनगटात जी नखं रुतवली, त्यांचे वण परतीच्या विमानापर्यंत होते.

लिफ्टच्या धंद्यात ही गोष्ट पहिल्या वर्षीच शिकतात. सोसायटीतून तक्रार येते, "लिफ्ट फार जोरात जाते." जाऊन बघावं तर वेग बरोबर असतो. ब्रेक एकदम पकडत असतो, नाहीतर निघताना मोटर हिसका देत असते. चालत्या लिफ्टचा वेग माणसाला कळतच नाही. कळतो तो निघतानाचा आणि थांबतानाचा बदल, आणि तो बदल किती अचानक आला ते पोटाला कळतं. आम्ही त्याला जर्क म्हणतो. लिफ्टवाला आयुष्यभर तो कमी करायच्या मागे असतो आणि कोस्टरवाला तोच हिशेबाने पेरून ठेवतो. तुमच्या कोष्टकात त्याला रकानाच नाही.

एलिसबर्गजवळच्या कनोबल्स पार्कातलं 'फिनिक्स' हे लाकडी कोस्टर घ्या. उंची २४ मीटर, वेग ताशी ७२ किलोमीटर. असल्या आकड्यांना तुमच्या कोष्टकाच्या तळाशीही जागा मिळायची नाही. हे मूळचं टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं, १९४० च्या दशकातलं, तेव्हाचं नाव 'रॉकेट'. तिथलं पार्क १९८० मध्ये बंद पडलं आणि कोस्टर तसंच उभं राहिलं. कनोबल्सवाल्यांनी ते सुटं केलं, देशाच्या दुसऱ्या टोकाला आणलं आणि १९८५ मध्ये पुन्हा उभारलं. राखेतून उठलेला पक्षी, म्हणून फिनिक्स. सुरुवातीला काळोखाचा बोगदा, मग चढण, मग उतार आणि मग उंचवट्यामागून उंचवटे. मांडीवर येणारा दांडा एकाच जागी बसतो, अंगाला आवळत नाही. त्यामुळे प्रत्येक उंचवट्यावर बूड सीटवरून सुटतं आणि क्षणभर माणूस अधांतरी. याला एअरटाइम म्हणतात. वहीत फिनिक्ससमोर पाच फेऱ्या आहेत आणि शेऱ्यात एकच शब्द: 'परत'.

फिनिक्सवरच आमचं पहिलं भांडण झालं. मला पुढची रांग हवी, कारण रूळ दिसतो, सांधे दिसतात. हिला शेवटची. ही म्हणाली, मागे जास्त उडायला होतं. मी म्हटलं, गाडी एक, सगळे डबे एकमेकांना जोडलेले, एका वेळी सगळ्यांचा वेग सारखाच. मागचं जास्त कसं उडेल? रात्री मोटेलच्या कागदावर चित्र काढलं तेव्हा माझंच चुकलं होतं. वेग सारखा खरा, पण सगळे डबे माथ्यावर एकाच वेळी येत नाहीत. पहिला डबा माथा ओलांडतो तेव्हा बाकीची गाडी अजून मागे चढणीवर असते, म्हणून तो कड्यावर रेंगाळतो. शेवटचा डबा माथ्यावर येतो तेव्हा पुढची सगळी गाडी खाली कोसळत असते. ती त्याला ओढून नेते, म्हणून तोच माथा तो कितीतरी वेगाने ओलांडतो. मला कागद-पेन्सिल लागलं, हिला दोन फेऱ्या पुरल्या. त्यानंतर पुढची रांग मी मागितली नाही.

पिट्सबर्गजवळच्या केनीवूड पार्कात 'थंडरबोल्ट' हे कोस्टर आहे. स्टेशनातून सुटल्या सुटल्या गाडी सरळ दरीत पडते, चढण मध्येच कुठेतरी येते. मुळात हे १९२४ चं 'पिपिन', १९६८ मध्ये नव्याने बांधून थंडरबोल्ट झालं. इथे नियम असा, की एकट्या माणसाला बसू देत नाहीत आणि दोघांतल्या जाड माणसाने आधी आत शिरायचं. वळणं अशी आहेत की बारीक माणूस शेजाऱ्याखाली चेंगरेल. त्या दिवशी तिथल्याच 'फँटम्स रिव्हेंज' या कोस्टरनंतर माझं पोट ठिकाणावर नव्हतं. त्याचा दुसरा उतार पहिल्यापेक्षा मोठा, सुमारे ७० मीटरचा, आणि तो जातो याच थंडरबोल्टच्या लाकडी सांगाड्यातून. दरीचा असा फायदा घेतलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. मी बाकावर बसून राहिलो. पाच मिनिटांत ही परत आली. "चला, उठा. या रांगेत नवरा लागतो." उठलो. जाड माणूस म्हणून आधी शिरलो.

आता ज्येष्ठांच्या चौकटीबद्दल. प्रत्येक कोस्टरच्या तोंडाशी पाटी असते: हृदयविकार, मानेचं-पाठीचं दुखणं, गरोदरपण असेल तर बसू नये, उंची अमुकपेक्षा कमी असेल तर सोडणार नाही. आम्ही त्या सगळ्या पाट्या वाचल्या, निघण्याआधी डॉक्टरांनाही विचारलं. वयाची वरची मर्यादा चारही पार्कांत एकाही पाटीवर दिसली नाही. मानेचा त्रास असलेल्या पंचविशीतल्या पोराला पाटी थांबवते, ठणठणीत साठीला थांबवत नाही. तुमच्या चौकटीने नेमकं उलट केलं.

चौकटीत आणखी एक वाक्य होतं, की गाडी वर अडकली तर ज्येष्ठांचे हाल होतात. आमची अडकली. कोणत्या पार्कात ते सांगत नाही. चढणीच्या अर्ध्यावर गाडी थांबली, साखळी थांबली आणि एकदम शांतता. वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही, भोंग्यावर साधी सूचनासुद्धा नाही. ही माझी खरी तक्रार, कारण अडकलेल्या माणसाशी लगेच बोलायचं हे लिफ्टच्या शिकाऊ पोरालाही माहीत असतं. पुढच्या डब्यातली कॉलेजची मुलं रडकुंडीला आली होती. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही हसताय का?"

हसत होतो, कारण अडकलेली लिफ्ट ही सुरक्षित लिफ्ट असते. लिफ्टचा ब्रेक वीज लावत नाही; स्प्रिंग लावते आणि वीज सोडवते. वीज गेली की ब्रेक आपोआप बसलेलाच. कोस्टरचाही विचार तोच. मार्गाचे तुकडे पाडलेले असतात, एका तुकड्यात एकाच वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा असल्याची खात्री पटली नाही तर मागची जागच्या जागी थांबते. चढणीवर जी खट् खट् खट् ऐकू येते ती साखळीची नसते. गाडीच्या पोटाखालची लोखंडी जीभ दात्यांच्या पट्टीवरून सरकत असते. साखळी तुटली तर जीभ दात्यात अडकते, गाडी मागे येत नाही. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात सुरक्षित लिफ्टचा जनक एलिशा ओटिसने उंचावर उभं राहून लिफ्टचा दोर कापायला लावला, तेव्हा त्याला दात्यांच्या पट्टीनेच धरलं होतं. आमच्या गाडीचा खट् खट् आवाज बंद झाला तेव्हा आम्ही दात्यावर बसलो होतो. माझ्या मते त्या पार्कातली त्या घटकेची सगळ्यात निर्धास्त जागा तीच. हिला हे पटलं नाही, पण नखं काढून घेतली.

ती जीभ रूढ केली जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने. रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकांचं पेटंटही त्याचंच, १९१९ चं. हल्लीच्या गाडीला चाकांचे तीन संच असतात: एक रुळावर, एक बाजूला, एक खाली. खालचं नसेल तर उंचवट्यावर गाडी रूळ सोडून उडेल. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनामध्ये १९०२ साली बांधलेल्या 'लीप-द-डिप्स' या कोस्टरला खालची चाकं नाहीतच, म्हणून त्याचा सरासरी वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपासच असे. चाकं खालून धरायला लागली तेव्हाच उतार तीव्र करता आले. मिलरचं १९२० चं 'जॅक रॅबिट' केनीवूडमध्ये अजून धावतं. त्यात एका उताराच्या पोटात दुसरा उतार आहे. पहिला संपला म्हणून माणूस श्वास सोडतो, तेवढ्यात दुसरा.

सीडर पॉइंटबद्दल थोडक्यात, कारण ते तुमच्या कोष्टकात आहेच. ईरी सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर कोस्टरांचं जंगल. २००० साली आलेला 'मिलेनियम फोर्स' ९४ मीटर उंच, ताशी १५० किलोमीटर. मला आवडला तो चढणीसाठी. इतक्या उंचीला साखळी जड आणि संथ पडली असती, म्हणून तिथे लिफ्टसारखा पोलादी दोर आहे, ड्रमवर गुंडाळला जाणारा. गाडीत बसलेले सगळे सरोवर बघत होते, मी दोर बघत होतो. वर गेल्यावर पुढे इंजिन नाही, मोटर नाही. ती उंचीच काय ती शिदोरी. ९१ मीटरच्या उताराचं गणित मांडलं तर ताशी १५२ येतात. वारा आणि घर्षण दोन किलोमीटर खातात. वहीतला हिचा शेरा: 'गुळगुळीत. फिनिक्स बरं.'

शेवट बीस्टवर, रात्री. १९७९ चं हे लाकडी कोस्टर लांबीला २,२४३ मीटर, लाकडी कोस्टरांत जगात सगळ्यात लांब. चार मिनिटांहून जास्त वेळ चालतं आणि जवळजवळ सगळं झाडीत. झाडीत दिवे नाहीत. दुसऱ्या चढणीवर गाडी सावकाश जाते, खट् खट् ऐकू येत राहतं आणि पुढे काय आहे ते दिसत नाही. दिवसा याच चढणीवर मी हिला सांधे दाखवत होतो. रात्री दोघेही गप्प. मग डावीकडे झुकत, लाकडी बोगद्यात, सगळ्या सांगाड्यासकट खडखडत... तुमच्या कोष्टकात बीस्टपुढे 'वेग: मध्यम' असं छापलंय.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी कोष्टक कराल तर त्यात बसून आलेल्यांसाठी एक रकाना ठेवा आणि ती ज्येष्ठांची चौकट मागे घ्या.

राहिला वाद. केनीवूडच्या १९२७ च्या 'रेसर'वर दोन गाड्यांची शर्यत लागते, पण रूळ एकच, स्वतःवर परत येणारा. डावीकडून सुटलेली गाडी उजवीकडे येऊन थांबते. ते एक कोस्टर, यावर दोघांचं एकमत. किंग्ज आयलंडच्या १९७२ च्या 'रेसर'चे मात्र दोन वेगळे रूळ आहेत. मी म्हणतो दोन रूळ, दोन चढणी, दुरुस्तीची दोन कामं, म्हणजे दोन कोस्टर. ही म्हणते, एका माणसाची दोन खाती असू शकतात, पण खातेदार एकच. वहीतली ती ओळ अजून पेन्सिलने लिहिलेली आहे.

आपला,
एक निवृत्त लिफ्ट मेकॅनिक