रॅमचे दर आणि दरपत्रकाची मुदत

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारातील आमच्या छोट्या वाचनालयात चार लॅपटॉप आहेत. त्यांपैकी ग्रंथसूचीसाठी वापरले जाणारे दोन इतके मंदावले होते की, पुस्तकाची नोंद होईपर्यंत सभासद दारातच उभ्या उभ्या निम्मे पुस्तक वाचून काढत असे. म्हणून त्यांची मेमरी, म्हणजे रॅम, वाढवावी, असे कार्यकारिणीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवले. रिवाजाप्रमाणे तीन दुकानांतून दरपत्रके मागवली, नोव्हेंबरच्या बैठकीत ती ठेवली, कोषाध्यक्षांच्या शंकांचे निरसन केले आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सर्वांत कमी दर देणाऱ्या सयाजीगंजमधील दुकानदाराकडे मी धनादेश घेऊन गेलो, तेव्हा त्याच रॅमचा दर दुपटीच्या जवळ पोहोचला होता. "काका, गई कालनो भाव आजे नहीं चाले," असे तो शांतपणे म्हणाला. मी मात्र शांत राहिलो नाही. ही सरळसरळ लूट आहे, असे त्याला चार गिऱ्हाइकांसमोर सुनावले आणि पुढील बैठकीतही तसेच सांगितले. त्यानंतर या विषयाची जी माहिती मिळवली, तिच्यावरून तो आरोप अन्यायाचा होता, असे माझे मत झाले आहे. इतर संस्थांच्या चालकांचाही असाच गैरसमज होत असावा, म्हणून हे पत्र.

लॅपटॉपमधील रॅमच्या पट्टीवर ज्या काळ्या चिपा दिसतात, त्या बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. दक्षिण कोरियातील सॅमसंग आणि एसके हायनिक्स व अमेरिकेतील मायक्रॉन या तिघींच्या हाती या मालाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास बाजार आहे. पूर्वी ही संख्या बरीच मोठी होती. परंतु प्रत्येक मंदीत एखादी कंपनी गळत गेली. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा २०१२ मध्ये बुडाली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती विकत घेतली. या धंद्याची गत आपल्या गुजरातेतील डीसाच्या बटाट्यासारखी आहे. एका वर्षी भाव चढला की सगळे शेतकरी बटाटाच लावतात आणि पुढच्या वर्षी तो मातीमोल होतो. फरक एवढाच की, बटाटा तीन-चार महिन्यांत निघतो, तर चिपांचा नवा कारखाना उभा राहून चालू होण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि चालू कारखान्यातही सिलिकॉनच्या चकतीपासून तयार चिप हाती येईपर्यंत सुमारे तीन महिने जातात. त्यामुळे आज मागणी वाढली म्हणून उद्या माल वाढत नाही. उलट मागणी पडली तरी, यंत्रसामग्रीत अफाट भांडवल अडकलेले असल्यामुळे, कारखाना बंद ठेवणे परवडत नाही. तो रात्रंदिवस चालू राहतो, गोदामे भरतात आणि दर कोसळतात.

अलीकडचे चक्र याच चालीने फिरले. साथीच्या काळात घरून काम आणि घरून शिक्षण सुरू झाल्यावर लॅपटॉपची मागणी उसळली. २०२२ मध्ये ती ओसरली आणि २०२३ मध्ये रॅम इतकी स्वस्त झाली की, कंपन्यांना मोठा तोटा सोसावा लागला आणि सॅमसंगनेही त्या वर्षी एप्रिलमध्ये उत्पादन घटवण्याचे जाहीर केले. त्या वेळी आमच्या वाचनालयाने रॅम घेतली असती तर! पण तेव्हा लॅपटॉप बरे चालत होते आणि चालत्या यंत्रावर खर्च करण्याचा ठराव आमच्याकडे आजवर मंजूर झालेला नाही.

घटवलेले उत्पादन पूर्ववत होत असतानाच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक केंद्रांची मागणी आली. त्यांना लागणारी, चिपांचे थर एकावर एक रचून केलेली एचबीएम नावाची मेमरी तितक्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ (संगणकांतील नव्या जातीच्या) मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते आणि तिच्यात नफाही अधिक असतो. साहजिकच कारखान्यांचा ओढा तिकडे गेला आणि आपल्या लॅपटॉपच्या वाट्याचे सिलिकॉन कमी झाले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' या नावाचा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली.

आमच्या लॅपटॉपना जी डीडीआर४ या जुन्या जातीची रॅम लागते, तिची कथा आणखी विचित्र आहे. जुनी वस्तू स्वस्त मिळते, हा आपला नेहमीचा अनुभव. परंतु कंपन्या जुन्या जातीचे उत्पादन आवरते घेऊ लागल्या, जुने लॅपटॉप मात्र लाखोंनी वापरात राहिले आणि २०२५ च्या मध्यास डीडीआर४ चिपा काही काळ नव्या डीडीआर५ हूनही महाग विकल्या गेल्या. त्यामुळे "मॉडेल जुने होऊ द्या, मग घेऊ" हा आमच्या कोषाध्यक्षांचा सल्ला पंख्याच्या बाबतीत बरोबर असला, तरी येथे तो आमच्या अंगाशी आला.

नवा लॅपटॉप जुन्याच किमतीत मिळत असताना सुट्या रॅमचाच दर का भडकतो, हा प्रश्न मी दुकानदाराला तावातावाने विचारला होता. त्याचे उत्तर खरेदीच्या पद्धतीत आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या चिपांचे दर करारांनी साधारणतः तीन-तीन महिन्यांसाठी ठरवून घेतात. गल्लीतला दुकानदार मात्र वितरकाकडून त्या दिवशीच्या दराने दोन-चार पट्ट्या आणतो. जगाच्या बाजारातील तेजी आधी त्याच्या काउंटरवर पोहोचते आणि बऱ्याच दिवसांनी नव्या लॅपटॉपच्या किमतीत उतरते. शिवाय १८ टक्के वस्तू व सेवा कर वाढलेल्या दरावरच लागतो आणि डॉलर चढला, तर त्याची भर वेगळी.

याचा अर्थ या धंद्यात सारे धुतल्या तांदळासारखे आहेत, असा नाही. कंपन्यांनी आपसांत दर ठरवल्याच्या प्रकरणात सॅमसंगने २००५ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलरचा दंड मान्य केला होता आणि २०१० मध्ये युरोपीय आयोगाने नऊ कंपन्यांना मिळून ३३ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. मायक्रॉन मात्र आधीच माहिती दिल्यामुळे सुटली. संशय घ्यायचाच असेल, तर तो या पातळीवर घ्यावा. सयाजीगंजातील दुकानदारावर नव्हे.

आमच्या बैठकीत एका सदस्यांनी असे सांगितले की, आता साणंदला कारखाना झाला आहे, तेव्हा गुजरातेत रॅम स्वस्त होईल. २०२३ मध्ये जाहीर झालेला मायक्रॉनचा तो प्रकल्प चिपांच्या जुळणीचा व चाचणीचा आहे. सिलिकॉनच्या मूळ चकत्या तेथे घडत नाहीत. तेथे रोजगार मिळेल, ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण दर जगाच्या बाजारातच ठरत राहील.

खरेदीपूर्वी लॅपटॉप उघडून पाहावा, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. आमच्या दोहोंपैकी एकाची मेमरी मदरबोर्डवरच (लॅपटॉपच्या मुख्य सर्किटवरच) सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली, निघाली; नव्या पट्टीसाठी रिकामी खाच नव्हतीच आणि दरपत्रक मागवण्याचे सारे श्रम त्याच्यापुरते फुकट गेले. दुसऱ्यात मी अखेर आठ जीबीची एक पट्टी चढ्या दराने बसवून घेतली. सोळा जीबीचा आग्रह सोडून दिला. सूचीच्या कामाला तितकी लागतही नाही.

त्या दुकानदाराची मी क्षमा मागितली आहे. पुढील बैठकीत मी असा ठराव मांडणार आहे की, संगणकाच्या सुट्या भागांची दरपत्रके एकाच दिवशी मागवावीत आणि खर्चाची कमाल मर्यादा आधी मंजूर करून कार्यवाहाला तीन दिवसांत खरेदीची मुभा द्यावी. कोषाध्यक्षांनी त्यावर लेखी हरकत घेतली आहे.

आपला नम्र,
एका वाचनालयाचा कार्यवाह,
दांडिया बाजार, बडोदे