बाह्यग्रहांच्या निधीबाबत विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

बाह्यग्रहांवरील, म्हणजे इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवरील, संशोधनाला निधी देताना ‘ग्रह राहण्याजोगा आहे का?’ याचे उत्तर एका तापमानात मागू नये, एवढीच आमची विनंती.

ट्रॅपिस्ट-१ई हा सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा ग्रह घ्या. त्याचे वर्ष ६.१ दिवसांचे, आणि पृथ्वीला मिळते त्याच्या दोन-तृतीयांश ऊर्जा त्याला मिळते. पण त्यावर हवा आहे की नाही, असलीच तर कशाची आणि किती दाबाची, हे माहीत नाही. त्यामुळे मॉडेल, म्हणजे ग्रहाच्या हवामानाचे संगणकावरचे गणित, वेगवेगळी हवा गृहीत धरूनच चालवावे लागते. मॉडेलांची तुलना करणाऱ्या ‘थाई’ प्रकल्पात चार मॉडेलांना या ग्रहाचे तेच चार प्रयोग दिले होते: नायट्रोजनची किंवा कार्बन डायऑक्साइडची एक बार (साधारण पृथ्वीइतक्या) दाबाची हवा, आणि दोन्हींत एकदा कोरडा, एकदा पाण्याने झाकलेला ग्रह. कोरड्या ग्रहावर मॉडेले बऱ्यापैकी जुळली. पाणी आले, ढग आले आणि फाटे फुटले.

असे का होते? अशा ग्रहाची बहुधा एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. तिथल्या न ढळणाऱ्या भरदुपारी ओली हवा सतत वर चढते, दाट ढग साचतात आणि प्रकाश परतवून लावतात. ढग नीट धरले तर ग्रह फक्त उंची धरणाऱ्या एकमितीय गणिताने सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट प्रकाश सोसू शकतो, हे २०१३ सालच्या त्रिमितीय गणितांनी दाखवले. मात्र मॉडेल ग्रहाचे चौकोन पाडते; त्यातला एक चौकोन शेकडो किलोमीटरचा आणि ढगातला उठाव काही किलोमीटरचा. मधली जागा सूत्रांनी भरतात, आणि ती सूत्रे पृथ्वीवर जुळवलेली असतात.

दुसरी अडचण प्रारणाची, म्हणजे हवेतून जाणाऱ्या प्रकाशाची आणि उष्णतेची. पृथ्वीच्या हवेसाठी केलेले शोषणाचे तक्ते कार्बन डायऑक्साइडच्या दाट हवेत चुकतात. रेणू एकमेकांवर आदळताना होणारे शोषण त्यांत नसते. ट्रॅपिस्ट-१सारख्या तांबड्या बटुताऱ्याचा (लहान, थंड ताऱ्याचा) बराचसा प्रकाश अवरक्त असतो आणि त्यात बर्फ कमी परावर्तन करते. पृथ्वीवरचाच आकडा ठेवला तर ग्रह नाहक गोठतो. काळोख्या बाजूला कार्बन डायऑक्साइड गोठून पडू लागला तर दाबही घसरतो; दाब कायम धरणाऱ्या मॉडेलला ते कळतच नाही.

म्हणून प्रत्येक प्रस्तावाला किमान दोन मॉडेलांची अट घाला. प्रत्येक प्रयोग एकदा उबदार आणि एकदा पूर्ण गोठलेल्या ग्रहापासून सुरू व्हावा. दोन्ही वेगळ्या ठिकाणी थांबले तर तोही निकालच. वातावरणाच्या माथ्यावर येणारी आणि जाणारी ऊर्जा जुळेपर्यंत गणित थांबवू नये. ५० मीटरचा उथळ सागर काही दशकांत स्थिरावतो. प्रवाह असलेल्या खोल सागराला शतके, कधी सहस्रकेही लागतात. महासंगणकाचे तास त्या हिशेबाने द्या. आणि वायूंचे शोषण प्रयोगशाळेत मोजणाऱ्या गटांना वेगळी तरतूद हवीच. ते काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण तक्ते तिथूनच येतात.

२०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याच ताऱ्याच्या ट्रॅपिस्ट-१बी या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे ५०० केल्विन मोजले. ते हवा नसलेल्या उघड्या खडकाशी जुळते. असे ‘नाही’ हाती देणाऱ्या प्रस्तावाचे गुण कापू नयेत.

आपले,
बाह्यग्रहांच्या हवामानाचे गणित करणारे संशोधक