पंचाहत्तरीच्या जेवणाबद्दल

तीर्थस्वरूप बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर मी म्हटलं, कार्यक्रमात उरलेलं जेवण गरजूंना पोचवू, तर बाबा म्हणाले, "माझ्या पंचाहत्तरीचं उरलंसुरलं गावात वाटत फिरायचं? लोक तोंडात शेण घालतील," आणि फोन आईकडे दिला. मग आईने विषय गॅस सिलिंडर आणि शेजारच्या काकूंच्या गुडघ्यावर नेला. म्हणून लिहिते आहे. पत्र मध्येच दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होता येत नाही.

बाबा, लग्नकार्यातलं उरलेलं अन्न पोचवणारी आमची मंडळी पंगतीतली पानं गोळा करत नाही. ताटात वाढलेल्याला हातही लावत नाही. घेतो ते पातेल्यातलं, ज्याला वाढप्याच्या डावाशिवाय काही लागलेलं नाही. लग्नसराईत इथे पुण्यात डीपी रोडवरच्या लॉन्सवर रात्री साडेदहा-अकराला बुफे आवरायला घेतात. तेव्हा एखाद्या आचाऱ्याचा फोन येतो, "ताई, भात दोन पातेली आहे, डाळ एक, पनीर थोडं." आम्ही दोघं-तिघं डबे घेऊन जातो. पहिला प्रश्न, पदार्थ चुलीवरून कधी उतरवला? मग वास. मग डाव बुडवून डाळ वर उचलायची, तार सुटली की विषय संपला. मठ्ठा, दहीवडे, कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी घेतच नाही. सगळ्यात फसवा भात. खोल डब्यात ठासून झाकण लावलं की मधला भात तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथूनच आंबायला लागतो. म्हणून तो उथळ ट्रेमध्ये पसरून भरायचा आणि लगेच निघायचं. गरम ते ६० अंशांच्या वर, थंड ते ५ अंशांच्या खाली, मध्ये रेंगाळू द्यायचं नाही. शंका आली तर फेकायचं. आचारी कधीकधी चिडतात, पण आम्ही ऐकत नाही.

हे आमच्या पोरांचं खूळ नाही. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये वेगळे नियम केले आहेत. दिल्लीत २०१४ मध्ये सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी आता कितीतरी शहरांत हेच काम करते आणि देणगी म्हणून एक रुपयाही घेत नाही. मुंबईत तर माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना सोबत घेऊन रोटी बँक उभी केली. पोलीस आयुक्त म्हटल्यावर बाबांची चढलेली भुवई थोडी खाली येईल, अशी आशा आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. अन्न उरतं अकराला आणि भूक लागते आठला. वाघोलीकडच्या बांधकाम मजुरांच्या वस्तीवर पोचेपर्यंत बारा वाजतात. पोरं झोपलेली असतात, आणि झोपेतून उठवून त्यांना पनीर खायला घालणं मला काही बरं वाटत नाही. ससून रुग्णालयाबाहेर मात्र पेशंटची माणसं जागी असतात. त्यांना गरम वरण-भात मिळाला की आधी ती आत डबा नेता येईल का, ते विचारतात.

म्हणून माझी पहिली मागणी, कार्यक्रम संध्याकाळी नको, दुपारी ठेवा. अडीचपर्यंत पंगती उठल्या की तीनच्या आत सगळं पोचवता येईल.

दुसरी मागणी पानांच्या आकड्याची. दादा म्हणतो पाचशे सांगून टाकू. कार्डावर 'सहकुटुंब सहपरिवार' छापतो आपण, पण येणार किती ते कुणी विचारत नाही. त्यात आचारी कमी पडायला नको म्हणून वर अंदाजाने आणखी टाकतो. तिथीही लग्नाची दाट आहे, अर्धी बार्शी त्या दिवशी दुसऱ्या मांडवात असेल. दादाने दोन संध्याकाळी बसून फोन करावेत. उरलेलं पोचवण्यापेक्षा उरूच न देणं केव्हाही बरं, हे मी एवढ्या रात्री जागून शिकले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, साली-देठं धरून, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. आई, यात तू नाहीस. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, एवढ्यावर आमचं बालपण गेलं.

आता बाबांच्या 'लोक काय म्हणतील'बद्दल. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचात तेव्हा मिळणाऱ्या सुकडीचं, त्या कोरड्या पौष्टिक खाऊचं, तुम्ही सांगता. रेशनच्या लाल मिलोचं, त्या परदेशी ज्वारीचं सांगता, जिची भाकरी आजीला थापता येत नव्हती. सुकडी घ्यायची लाज कधी वाटली नाही, वाटणारा तोंड वाकडं करायचा तेव्हा मात्र घास उतरायचा नाही, हे तुमचंच वाक्य. म्हणून मी असं सुचवते की गावातल्या वसतिगृहाच्या मुलांची पानं आधीच काढून ठेवू. पहिली पंगत बसायच्या आधी त्यांचा टेम्पो निघेल. पाहुण्यांना जे, तेच त्यांना, गोडासकट. नंतर जे पातेल्यात राहील ते सरकारी दवाखान्यातल्या पेशंटच्या माणसांना. पोचवायला मी आणि दादाची पोरं जाऊ. बाबांनी गादीवर बसून सत्कार घ्यायचा, बास.

वसतिगृहाच्या अधीक्षकांशी बाबांनीच बोलावं, तुमची ओळख आहे. मुलं किती, दुपारचं जेवण किती वाजता, आणि बाहेरचं अन्न चालतं का, एवढं विचारून कळवा. त्यांनी नाही म्हटलं तर रागावू नका, मुलांची जबाबदारी त्यांच्यावर असते. आचाऱ्याचा नंबर आई पाठवेल. झाकणाचे मोठे डबे मी इथून आणते.

तुमची,
मनू

ता. क. बासुंदीचा आग्रह सोडा. वैशाखाच्या उन्हात दूध दुपारपर्यंत दगा देतं. बुंदीचे लाडू करा, उरले तरी चार दिवस कुणालाही देता येतात, आणि बाबांना बासुंदी तशीही डॉक्टरांनी बंद केली आहे.